वाळवंटात धुतलेली बारा तोंडं

"द्या मला पाच मिनिटं! समोर उंट आणून बसवा, त्यालासुद्धा हनुवटी खाली घ्यायला लावून फोटो काढतो की नाही बघा!"

मामा हे बोलले ते स्वतःच्या स्टुडिओत, स्वतःच्या खुर्चीत बसून, आणि ऐकायला समोर फक्त मामी आणि साडू होते. त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. गेली एकतीस वर्षं मामा माणसांच्या तोंडांचे फोटो काढत होते. ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे, परीक्षेच्या प्रवेशपत्राचे. स्टुडिओच्या कोपऱ्यात आरसा, बेसिन, कंगवा, पावडरचा डबा आणि रोज धुतलेला टॉवेल. मामांचा नियम एकच, न धुतलेलं तोंड कॅमेऱ्यासमोर येता कामा नये! एकदा खुद्द कर वसूल करणाऱ्या साहेबांना त्यांनी "आधी तिकडे जाऊन या" म्हणून बेसिनकडे पिटाळलं होतं. साहेब गेले आणि धुऊन आले.

तर या मामांना सिनेमाचं बोलावणं आलं होतं. त्यांची भाची वाळवंटातल्या मोटारसायकल शर्यतीवरच्या एका सिनेमात कामाला होती. तिथे पडद्यामागचे फोटो काढणारा माणूस चांगला अँगल शोधत शोधत टेकडीवरून गडगडला आणि पाय मोडून घरी गेला. भाचीने फोन केला, "मामा, परवापर्यंत कोणीतरी हवंय. तू येतोस का? शेवटपर्यंत राहिलास तर सिनेमाच्या शेवटी पडद्यावर नाव येतं."

पडद्यावर नाव! एकतीस वर्षं मामांचं नाव फोटोच्या मागच्या बाजूला शिक्क्यात होतं, आणि ती बाजू लोक डिंक लावायला वापरत. मामांनी तिसऱ्या मिनिटाला बॅग काढली. चौथ्या मिनिटाला गल्लीत बातमी पसरली. साडू तेवढे म्हणाले, "दिसेल तेव्हा बघू." झालं! आता काहीही होवो, शेवटपर्यंत टिकायचं आणि साडूला पहिल्या रांगेत बसवून ते नाव दाखवायचं, हे ठरलं.

पहिले नऊ दिवस काय सांगावेत! वाळू कॅमेऱ्यात, वाळू चहात, वाळू कानात. पण माणसं मात्र सोन्यासारखी. भाची 'मामा' म्हणते म्हणून दिग्दर्शकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे 'मामा' म्हणायला लागले. दिवेवाला स्वतः उन्हात उभा राहून मामांच्या कॅमेऱ्यावर छत्री धरायचा. मेकअपताई त्यांच्या नाकाला न विचारता मलम लावून जायची. मामा रोज संध्याकाळी मामीला फोनवर सांगत, "अगं, एवढा मान मला सासरीसुद्धा मिळाला नाही!" मामी पुढचा विषय काढायची.

दहाव्या दिवशी शर्यतीच्या शेवटाचा प्रसंग होता. बारा स्वार तीन दिवस वाळवंट तुडवून येतात, रेषा ओलांडतात, हेल्मेट काढतात. सकाळी लांबून सगळं चित्रित झालं. जवळून चेहरे घ्यायचे ते जेवणानंतर. तोपर्यंत मंडळी तंबूच्या सावलीत टेकली होती.

या बारांतला एक सिनेमाचा नायक. उरलेले अकरा स्टंटवाले. प्रत्येकाला त्याच्या छातीवरच्या आकड्यानेच हाक मारायची पद्धत होती. त्यातला सात नंबर मामांशेजारी येऊन बसला. पस्तिशीचा, हाडापेराने काटक, हात हलवला की एका खांद्यातून कट्ट आवाज येणारा.

"मामा, एक विचारू? माझा एक फोटो काढाल? आईला पाठवायचाय."

"काढू की! त्यात विचारायचं काय?"

"अकरा वर्षं सिनेमात आहे मी. चाळीस सिनेमे झाले. कधी ह्या नायकाच्या जागी पडलो, कधी त्याच्या. पण कायम हेल्मेट! आई म्हणते, तू नक्की काय काम करतोस? शेजारणीला दाखवायला एक तोंड नाही तुझं. आज पहिल्यांदा हेल्मेट काढायला मिळालं, तर बघा!" त्याने स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत धुळीचा जाड थर, गालावर रक्ताळलेला ओरखडा, ओठांना भेगा. "आई म्हणेल, हा कोण भट्टीतून काढलाय?"

मामांचा एकतीस वर्षांचा हात शिवशिवला.

"चल, तोंड धू आधी!"

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गेले नऊ दिवस स्वारांच्या अंगावर जी धूळ असायची ती खरीखुरी, फुकटची होती. आजची नव्हती. आजची धूळ मेकअपताई आणि तिच्या तीन मदतनिसांनी पहाटे पाच वाजल्यापासून एकेका चेहऱ्यावर ब्रशने चढवली होती. ओरखडेही तिचेच. आणि कोणाच्या कुठल्या गालावर किती लांबीचा ओरखडा आहे, हे वहीत टिपून ठेवणं हे भाचीचं काम. सकाळचा डाव्या गालावरचा ओरखडा दुपारी उजव्या गालावर गेला, तर भाचीची नोकरी गेली! मामा आठ वाजता झोपेतून उठून आले होते. त्यांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं. आणि सात नंबरला वाटलं, मामा धू म्हणतात म्हणजे जवळून चेहरे घ्यायचं काम उद्यावर गेलं असणार.

त्यांनी बॅगेतून टॉवेल काढला, साबण काढला, पावडरचा डबा काढला. सात नंबरचं तोंड घासून घासून लख्ख केलं. ओरखडा निघाला तेव्हा मामांना आनंदच झाला. "बघ! जखम नव्हतीच, नुसता मळ होता!" मग भांग पाडला, तंबूच्या पांढऱ्या कापडासमोर उभं केलं. "खांदे सैल. हनुवटी जरा खाली. आईकडे बघ!" आणि सात नंबर असा हसला की मामांना वाटलं, या माणसाला हेल्मेट घालणं हाच गुन्हा आहे.

फोटो बघायला चार नंबर आला. त्याला धाकट्या मुलीसाठी हवा होता. मग नऊ नंबर. मग दोन आणि अकरा एकदमच, त्यांच्यात कोण आधी यावरून वाद! स्टंटवाल्यांचा म्होरक्या, त्याला तेवढं नंबराऐवजी सगळे उस्ताद म्हणत, तो पन्नाशीचा माणूस लाजत लाजत म्हणाला, "मामा, लग्नानंतर माझा एकट्याचा फोटोच नाही हो."

रांग लागली! रांग बघून एका सहायकाला वाटलं, दिग्दर्शकाचाच हुकूम असणार. त्याने वॉकीटॉकीवर घोषणा केली, "सगळ्या स्वारांनी तोंडं धुऊन मामांकडे यायचंय! रिपीट, तोंडं धुऊन!" पाण्याच्या टँकरवाल्याने ते ऐकलं आणि माणुसकीने नळी सोडली. आता नळी सोडलीच आहे तर मोटारसायकलीही धुऊन टाकू, असं कोणाला तरी वाटलं. घोषणा नायकापर्यंत पोचली. तोही आपल्या गाडीतून उतरला, तोंड धुतलं, वर थोडं क्रीमही लावलं, आणि शहाण्या मुलासारखा रांगेत बारावा उभा राहिला!

"हनुवटी खाली," मामा म्हणाले. नायकाने घेतली.

एवढ्यात दिग्दर्शक जेवून आले. हा माणूस कधी ओरडायचा नाही. रागावला की आवाज बारीक व्हायचा, आणि युनिटला आवाज किती बारीक यावरून संकट किती मोठं ते कळायचं. त्यांनी बारा स्वारांकडे बघितलं. बारा भांग, बारा चकचकीत गाल, मागे नव्याकोऱ्या दिसणाऱ्या बारा मोटारसायकली.

"माझे दमलेले, होरपळलेले स्वार कुठे गेले?" त्यांनी विचारलं. जवळजवळ ऐकूच आलं नाही. "हे तर बँकेच्या मुलाखतीला निघालेत."

भाची वही छातीशी धरून पळत आली, बघितलं, आणि मटकन खाली बसली. मेकअपताईच्या हातातला ब्रश गळून पडला. "पहाटे पाचपासून..." एवढंच ती म्हणाली.

तेव्हा कुठे मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. हातात ओला टॉवेल आणि टॉवेलवर मेकअपताईचं अख्ख्या सकाळचं काम! संध्याकाळच्या जीपने आपली बॅग निघाली, नाव गेलं, साडू जिंकला, हे सगळं त्यांना एका क्षणात दिसलं. पण मातीत बसलेली भाची त्याहून स्पष्ट दिसली.

"साहेब," मामा पुढे झाले, "चूक माझी आहे. एकट्याची! मला माहीत नव्हतं ती धूळ तुमची आहे. मला घरी पाठवा. पण पोरीला काही बोलू नका, ती जेवायला गेली होती."

"पुन्हा मेकअपला किती वेळ?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"चार तास," मेकअपताई म्हणाली.

"ऊन किती वेळ?"

"अडीच तास," दिवेवाला म्हणाला.

मग उस्ताद खाकरला.

"साहेब, धूळच हवी ना? चोहीकडे दुसरं आहे काय! अर्धा तास द्या. एकमेकांच्या मागे लागून असे फिरतो की आमची ओळख आम्हालाच पटायची नाही. ओरखडे तेवढे ताई काढेल, वहीत लिहिलेलेच आहेत."

"आणि मामांनी आमच्यासाठी केलं होतं हो ते," सात नंबर म्हणाला. "त्यांना घालवू नका."

दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं आणि नुसती मान हलवली. बाराही इंजिनं गरजली. मामा बाजूला सरकत होते, तोच सात नंबरने त्यांचा दंड धरला. "बसा मागे! तुम्हाला पडद्यामागचे फोटो काढायचेत ना? याच्यापेक्षा मागे काही नाही!"

मामा बसले. पुढच्या अर्ध्या तासाबद्दल ते आजही फार बोलत नाहीत. एकशेचाळीस फोटो निघाले. त्यातल्या एकशेअडतीसांत आकाश आहे, एकात मामांचा स्वतःचा गुडघा आहे, आणि एकात बारा मोटारसायकली धुळीच्या लोटातून अशा बाहेर येताहेत की पुढे तोच फोटो पोस्टरवर लागला. तो आपण कधी काढला, हे मामांना ठाऊक नाही. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते.

परत आले तेव्हा तेरा भुतं उतरली! धूळ पापण्यांत, दातांत, नायकाच्या क्रीमवर तर दुप्पट. मेकअपताईने जवळ येऊन एकेक चेहरा न्याहाळला आणि म्हणाली, "हे माझ्याच्याने झालं नसतं." भाचीने वही उघडली, ओरखडे मापून काढले गेले, आणि ऊन मावळायच्या आत शेवटचा शॉट झाला.

बॅग भरायची की नाही, हे विचारायला मामा दिग्दर्शकांसमोर उभे राहिले. दिग्दर्शक म्हणाले, "दुपारचे फोटो दाखवा." मामांनी कॅमेरा दिला. बारा धुतलेली तोंडं दिग्दर्शकांनी एकामागून एक बघितली. सात नंबरपाशी बराच वेळ थांबले.

"सगळी माझ्याकडे पाठवा," ते बारीक आवाजात म्हणाले आणि निघून गेले.

आपल्याविरुद्धचा पुरावा! दुसरं काय असणार? उरलेले तीन आठवडे कोणी मामांना काढलं नाही, पण मामा रोज जीपचा आवाज आला की दचकायचे. घरी आल्यावरही साडूने विचारलं की म्हणायचे, "बघू, येईल बहुतेक."

आठ महिन्यांनी सिनेमा लागला. पहिल्याच दिवशी मामा, मामी आणि साडू हजर. भाचीही आली, आणि तिच्यासोबत सात नंबर आपल्या आईला घेऊन आला. आईला मामीच्या शेजारची खुर्ची मिळाली. सिनेमा चालू असताना तिने मुलाला चारदा विचारलं, "यात तू कुठला?" आणि त्याने चारदा सांगितलं, "तो पडला ना, तो."

सिनेमा संपला. लोक उठायला लागले, आणि पडद्यावर एक चेहरा आला. उस्तादचा! धुतलेला, भांग पाडलेला, हनुवटी खाली, आणि खाली त्याचं खरं नाव. मग चार नंबर. मग नऊ. उठलेले लोक उभ्याउभ्याच थांबले. आणि मग अख्ख्या पडद्यावर सात नंबर हसला.

"अगं बाई!" त्याची आई ओरडली. "हा माझा! बघा हो, हा माझा मुलगा! किती छान निघालाय!" तिने मामीचा हात गच्च धरला. मागच्या रांगेला सांगितलं, पुढच्या रांगेला सांगितलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळं थिएटर वाजवायला लागलं. सात नंबर खाली मान घालून रडत होता. मामा त्या माऊलीच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. आयुष्यात इतका सुंदर चेहरा समोर आला आणि हातात कॅमेरा नाही! त्या सिनेमाचे, त्या वाळूचे, त्या बारीक आवाजाच्या माणसाचे उपकार कसे फेडावेत, हे त्यांना कळेना.

दिवे लागले. पडदा पांढरा झाला.

"आलं का हो नाव?" मामीने डोळे पुसत विचारलं.

"आलं असेल की. तू नाही बघितलंस?"

"माझं सगळं लक्ष ह्याच्या आईकडे. तुम्ही?"

मामांनी आशेने साडूकडे बघितलं. साडू नाक शिंकरत होते. "डोळ्यात काहीतरी गेलं होतं," ते म्हणाले.

"काय रे मामा!" भाची पलीकडून वाकली. "बाराव्या चेहऱ्यानंतर लगेच तर होतं! साहेबांनी मुद्दाम तुझं एकट्याचंच ठेवलं होतं. पडदाभर!"

"पडदाभर?" मामा म्हणाले.

"चांगलं सात-आठ सेकंद!"

तिघं कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. शेवटी साडू घसा साफ करून म्हणाले, "उद्याचा पहिला खेळ किती वाजता असतो?"