हौसाजी गजभारेचा उलटा सवाल

हौसाजी गजभारेला कुणी काहीही विचारलं की तो उत्तर द्यायचा. खरं, पुरतं आणि विचारणाऱ्याला नको होईल इतकं. मग तळहात पुढे करायचा, चहाचा रिकामा कप परत मागावा तसा, आणि म्हणायचा, "आता माझा सवाल."

मला तो पहिल्यांदा भेटला नांदेडला, एम.ए.च्या वर्गाच्या दाराशी. मी सहज विचारलं, "समाजशास्त्राचा वर्ग हाच का?"

"हाव, हाच. पंखा बंद हाय. तिसऱ्या बाकाचा पाय मोडलाय. आता माझा सवाल. तुमी समाजशास्त्र का घेतलं?"

बी.एड.च्या यादीत नाव लागलं नाही म्हणून घेतलं होतं. पण हे अनोळखी माणसाला दारात उभं राहून कसं सांगायचं? मी म्हटलं, "मला समाजाची आवड आहे."

त्यानं माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मी मुकाट्यानं आत जाऊन बसलो. तिसऱ्या बाकावर.

पुढं दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली, आणि त्या दोन वर्षांत मी रोज नव्यानं थक्क होत गेलो. एस.टी.त कंडक्टर विचारी, "कुठं?" हा म्हणे, "मुदखेड. आता माझा सवाल. तुमी जेवले का?" एवढ्या नोकरीत त्या कंडक्टरला असं कुणी विचारलेलं नसावं. तो आधी चिडला, मग हौसाजीशेजारी टेकला आणि बायको डब्यात रोज तेच कसं देते ते सांगायला लागला. दोन थांबे घंटी न वाजताच मागं पडले. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" हा म्हणाला, "पोट दुखतं. तुमाला काय होतंय?" डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. बाहेर मी आणि पंधरावीस रोगी बसलेलो. हा बाहेर आला तो पोटदुखीची गोळी विसरून आणि डॉक्टरांची सगळी दुखणी घेऊन.

वर्गात तर कहरच. आमचे औंढेकर सर विकासाचं समाजशास्त्र शिकवत. श्रीमंत देश, गरीब देश, परकी मदत, असं सगळं ते पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचत, आणि आम्ही लिहून घेत असू. एकदा त्यांनी विचारलं, "गजभारे, अविकसित देश म्हणजे काय?" हौसाजीनं पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. सर खूश. मग तळहात पुढं आला.

"आता माझा सवाल, सर. ह्या देशाईला अविकसित हे नाव कोणी ठेवलं? आन ठेवायच्या आधी त्याईला इचारलं होतं का?"

सरांच्या हातातला खडू पडला. खाली वाकून तो शोधता शोधता ते म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही."

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी गावात जाऊन मुलाखती घ्यायच्या होत्या. विषय दुष्काळ आणि कुटुंब. दुष्काळ शोधायला लांब जायची गरज नव्हती, तो सगळीकडं होता. मी माझंच गाव सुचवलं, मुरुडजवळचं. ज्ञानासाठी नव्हे, घरचं जेवण मिळावं म्हणून. हौसाजीही माझ्याबरोबर आला.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावात त्याचा इतका उत्साह की आमच्या दत्तूकाकांनी, म्हणजे सरपंचांनी, पंचायतीच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' स्वतः खरवडून काढलं. पण लातूर लिहायला रंगच शिल्लक नव्हता. त्यामुळं काही महिने आमचं गाव कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. टँकर उशिरा यायचा त्याचं कारण हेच, असं त्यांच्या बायकोचं, आमच्या काशीकाकूचं, ठाम मत होतं.

मी चार दिवसांत कागद भरभरून मोकळा झालो. हौसाजी मात्र एका घरात शिरला की दिवस मावळतीला बाहेर येई. कारण त्यानं चाळीस प्रश्न विचारले की घरच्यांनी त्याला चाळीस विचारायचे, हा नियम.

"अरे, असं कोण करतं?" मी म्हणालो.

"फुकट जबाब घ्यायचा न्हाई गड्या," तो म्हणाला. "सर्वेवाला येतो, घरातलं समदं इचारून जातो, सोताचं नावबी सांगत न्हाई. चोरबी इतकं नेत न्हाई."

आमच्या घरी तो आला त्या दिवशीचं मला आजही आठवतं. काशीकाकूनं पहिलाच प्रश्न टाकला, "कोणाचा रे तू?" म्हणजे जात. हौसाजी म्हणाला, "बौद्ध. मुदखेडचा. बाप रेल्वेत होता." काकूनं मान हलवली, आत गेली आणि चहा घेऊन आली. मला बशीतून, त्याला कोनाड्यात वेगळा ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. मी खाली बघायला लागलो. हौसाजीनं चहा पिऊन कप पुसला आणि अगदी मायेनं विचारलं, "आता माझा सवाल, काकू. हा कप कोणाचा?"

काकू कप उचलून आत गेली. काहीतरी फुटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून हौसाजीला चहा आमच्यासारखाच बशीतून मिळायला लागला.

मग बायकांना चटकच लागली. दुपारी ओसरीवर जमून त्या त्याला हैराण करत, आणि त्यांचे सगळे प्रश्न फिरून त्याच्या आईवर येत.

"तुझी माय काय करती रे आता?"

"ह्या वक्ताला ज्वारी निवडत असंल."

"तुला काय म्हणती?"

"मिशी काढ म्हणती. चोरावानी दिसतो म्हणती."

"सयपाक कसा?"

"आंबाडीची भाजी तिच्यावानी कोणाला जमत न्हाई. कण्या आधी भिजू घालती, आन लसूण ठेचती, चिरत न्हाई."

काकूनं तशी भाजी केली. दत्तूकाका दोनदा मागून जेवले आणि म्हणाले, "ह्या बाईला एकदा बोलवा." गजभारेची माय गावात न येताच गावची झाली होती.

अशात औंढेकर सर लातूरला आले आणि आम्हा दोघांना बोलावून त्यांनी बातमी दिली. हॉलंडमधल्या एका संस्थेच्या प्राध्यापक बाई दुष्काळी भाग बघायला येणार होत्या. आमच्या विभागातून एका विद्यार्थ्याला त्या दोन वर्षांच्या शिक्षणाला तिकडं नेणार होत्या, सगळ्या खर्चासकट. विषय, देशोदेशीचा विकास. हौसाजीचंच नाव पुढं होतं. बाई त्याचं गावातलं काम बघून तिथंच ठरवणार होत्या.

"फक्त एक आहे," सर म्हणाले. "मागं एक मुलगा त्यांनी नेला होता. त्याची आई रडून रडून आजारी पडली आणि तो अर्ध्यातून परत आला. तेव्हापासून बाई आईचा होकार असल्याशिवाय कुणाला नेत नाहीत."

मी हौसाजीकडं पाहिलं. त्यानं उलटा सवाल केला नाही. "बघू," म्हणाला फक्त. मी समजलो, आनंदानं वाचा बसली असेल. माझी समज आयुष्यभर अशीच चालत आली आहे.

काकूला कळलं तशी ती म्हणाली, "पोराला बघायला पाव्हणी येती, आन पोराची माय नगं का? जा, घेऊन ये तिला." हौसाजीला अचानक आनंद द्यायचा म्हणून त्याला न सांगता मी मुदखेड गाठलं.

रेल्वेच्या चाळीत विचारत विचारत त्याच्या घरापाशी पोचलो तर तिथं दुसरंच कुटुंब राहत होतं. शेजारच्या म्हातारीला मी म्हटलं, "हौसाजीची आई कुठं भेटतील?"

"गिरजा?" म्हातारीनं सुपडं खाली ठेवलं. "ती तर मोठ्या दुष्काळात गेली न बाबा. खडी फोडायच्या कामावर ऊन लागलं. हौसाजी शाळंत होता तवा. मागून बापबी गेला."

माझ्या कानात रेल्वेची शिट्टी वाजत राहिली. गाडी तर आलीच नव्हती. मी खुळ्यासारखा म्हणालो, "अहो, पण आंबाडीची भाजी..."

"भाजी चांगली करायची, हाव," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा सुपडं उचललं.

गावी परतलो तो एकटाच. काकू दारात उभी. मी म्हटलं, "भेटल्या नाहीत. कुलूप होतं."

काकू माझ्या तोंडाकडं बघत राहिली. चहा पुढ्यात ठेवला होता, तो निवून गेला तरी बघतच होती. मग म्हणाली, "बरं. हौसाजीसंगं ह्यातलं काई बोलू नगंस." एवढंच.

मला झोप लागेना. खरं सांगितलं तर सगळ्या गावासमोर तो खोटा पडणार होता. 'आई आहे, हो म्हणते' असं म्हटलं तर बाईंची फसवणूक. आणि त्या दोहोंच्या मधे, सरांनी दुभाषा म्हणून नेमलेला मी. माझं इंग्रजी असं, की खरं बोललो तरी लोकांना शंका येते.

बाई आल्या त्या सकाळी मी वेशीवर गेलो आणि गारच पडलो. पाटीपासून पंचायतीपर्यंत रस्ता ओलाचिंब. दारोदार सडा, सड्यावर रांगोळी. मीच काकांना निरोप दिला होता, "मोठी पाहुणी आहे, नीट स्वागत करा." गावात पाहुणीचं नीट स्वागत म्हणजे सडा, आणि सड्याला पाणी लागतं. काकांनी सकाळचा अख्खा टँकर रस्त्यावर ओतला होता.

दुष्काळ बघायला आलेल्या बाई जीपमधून उतरल्या आणि त्यांचा बूट चिखलात रुतला. सरांनी डोळे मिटले.

"काका, हे काय केलंत?" मी कुजबुजलो.

"मंग काय कोरड्या रस्त्यावरनं आणायची पाव्हणी?" काका म्हणाले. "न्हाऊ उद्या."

ओसरीवर सतरंजी अंथरली होती. बाई खुर्ची बाजूला सारून खालीच बसल्या, हे बायकांना आवडलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठून आणता? काकू म्हणाली, "टँकर येतो. आज आला होता." काका खोकले. "आता आमचा सवाल. तुमच्याकडं पाणी कोण भरतं?"

मी भाषांतर केलं. बाईंचं उत्तर ऐकून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा विचारून घेतलं. मग सांगितलं, "त्यांचा देश समुद्राच्या खाली आहे. त्यांना पाणी पंपानं बाहेर फेकावं लागतं."

एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे आमचं येत न्हाई, आन तुमचं जात न्हाई," काकू म्हणाली. "तुमचेबी हालच."

बाई इतक्या हसल्या की सरांच्या जिवात जीव आला. मग सवाल सुरू झाले, एक इकडून, एक तिकडून. बाईंना कळलं की गावात सुनांच्या माहेरच्या खेपा दुष्काळात का वाढतात. गावाला कळलं की बाईंच्या घरी त्या आणि एक मांजर राहतं, मुलगा लांब असतो.

"ह्या वयात एकली?" बायका हादरून एकमेकींकडं बघायला लागल्या. बाई त्यांची कीव करायला आल्या होत्या. आता वारं फिरलं होतं.

हौसाजीचं काम बाईंना पसंत पडलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्यांनी त्याच्याकडं वळून विचारलं, "आणि तुमची आई? ती हो म्हणते का?"

एवढं इंग्रजी हौसाजीला येत होतं. तो सतरंजीची किनार बघत बसला. ज्यानं कंडक्टरपासून सरांपर्यंत सगळ्यांना खरंच उत्तर दिलं, तो आता किनारीचा एकेक दोरा उपसायला लागला.

"काय इचारती?" काकू म्हणाली.

मी सांगितलं.

काकूनं हौसाजीकडं पाहिलं नाही. सरळ बाईंकडं बघत म्हणाली, "सांग तिला. आमी इचारलंय त्याच्या मायला. जा म्हणली."

मी भाषांतर केलं. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "मग आज त्या का आल्या नाहीत?"

मी तेही सांगितलं. काकूनं तळहात वर केला. "दोन सवाल एकापाठी न्हाईत. आता आमचा. तिकडं गेल्यावर ह्याला रोज जेवलास का म्हणून कोण इचारंल?"

बाईंनी काकूकडं पाहिलं, मग खाली मान घातलेल्या हौसाजीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मी विचारीन."

"आन त्याच्या मायचं?" मागून एक म्हातारी म्हणाली. "तेबी इचारत जा म्हणावं. त्याला सांगाया आवडतं."

हे मी भाषांतर केलं की नाही, आठवत नाही. हौसाजी उठला, सतरंजीचं टोक धरलं आणि घडी घालायला लागला. माणसं अजून वर बसलेली होती. आधी काका सरकले, मग बायका, मग त्या बाई चिखलाचा बूट हातात घेऊन उठल्या, आणि तो आपला मान न उचलता घडीवर घडी घालत राहिला.