काकासाहेबांनी तंबू शिविला त्याची हकीकत

सुई, दोरा आणि काकूसाहेबांचा धीर या तिहींस मुजरा करोन हकीकत लिहिली जाते ऐसी जे, काकासाहेबांच्या मातोश्रींची शिलाई मशीन अडगळीत गंज खात पडली होती. काकूसाहेबांनी फर्मान काढिले की रविवारी मेहुणे येतील तोवर चालती न जाहली तर भंगारवाल्याचे हवाली करावी. ते ऐकोन काकासाहेबांचे काळजात चर्र जाहले, आणि मुखास लगाम कधीच नव्हता, सबब बोलून गेले की नुसती चालवीन काय, हिजवर रानात मुक्कामाचा तंबू शिवीन! काकूसाहेबांनी शब्द पकडला: तंबू उभा राहील तर मशीन राहील.

मग मोहीम मांडिली. गंजावर पहिला हल्ला स्वयंपाकाचे तेलाने केला, आणि चाक चिकटोन जागचे हलेना, आणि मुंग्यांची फौज न बोलाविता दाखल जाहली. तेव्हा काकूसाहेबांनी कपाळास हात लावोन सारे पुर्जे रॉकेलाने धुविले, मशीनचे तेल सोडिले, चाकाची चामडी वादी नवी चढविली. या कुमकेचा उल्लेख काकासाहेबांनी पुढे कोठेही केला नाही. मग जुन्या छत्र्यांचे कापड जोडोन, सुयांमागून सुया रणी पाडोन, एकदा स्वतःचे पायजम्याची नाडीही तंबूस शिवोन, काम तडीस नेले. दरवाजास दुकानची चेन लावणे कमीपणाचे मानून फुटक्या सुटकेसची उसवोन लाविली.

रविवारी अंगणात तंबू उभा केला आणि काकासाहेब छाती फुगवोन आत शिरले. "दाजी, वारा लागेल हो," म्हणोन मेहुण्यांनी बाहेरून चेन ओढिली. मग आत चाचपणी सुरू जाहली. सुटकेसची चेन बाहेरूनच उघडते, कारण आतले कपडे आपण होऊन बाहेर येत नसतात, हा विचार सरदारांस शिवताना शिवला नव्हता.

"कात्रीने फाडू का?" मेहुणे पुसते जाहले.

"खबरदार! तंबू पडला तर मशीन जाईल!" ऐसी गर्जना आतून आली, आणि मग जरा नरमाईने, "अगं, उभा आहे ना? तेवढं सांग."

"तंबू उभाच आहे हो. तुम्हीच आडवे झालात."

मग तह जाहला: मशीन खिडकीशी उजेडात यावी, तिची मुखत्यारी काकूसाहेबांकडे राहावी, काकासाहेबांनी तेलाचे बाटलीस हात लावू नये. सर्व कलमे कापडाआडून कबूल जाहली, तेव्हा काकूसाहेबांनी चेन उघडिली आणि सरदार घामाने निथळत, गुडघ्यांवर बाहेर आले. येणेप्रमाणे मशीन वाचली. फत्ते आपलेच नावे लिहावी ऐसा काकासाहेबांचा हट्ट पडला, सबब तैसी लिहिली असे.