बिनविजेच्या टोप्यांचे रहस्य

"गुन्हेगार पाळण्यात असतानाच मी पाळण्याखाली दबा धरून बसलेला असतो," असा स्वतःचा परिचय करून देत मामा प्रयोगशाळेत शिरले. ऐकायला एकटा तंत्रज्ञ होता. सगळे काही मिलिमीटरमध्ये सांगण्याच्या सवयीमुळे त्याला मोजपट्टी म्हणत. मामांचा मदतनीस म्हणून त्यालाच जुंपले होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मामांच्या भाची. मेंदूला सौम्य वीज देऊन लक्ष वाढवणारी टोपी त्यांनी सहा वर्षे खपून बनवली होती. चाचणी सोपी होती : पहिल्या खोलीत खऱ्या टोप्या, दुसरीत बिनविजेच्या, लाल दिवा लागताच बटण दाबायचे. पण बाजी मारत होती दुसरी खोली! काहीजण तर दिवा लागण्याआधीच बटण दाबत.

"मामा, चार वाजता समिती येतेय. कारण सापडलं नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप."

मामांनी वीस मिनिटे भिंतीला कान लावला. "वीज पलीकडून झिरपते. दबक्या पावलांनी."

मोजपट्टीने भिंत तपासली. शून्य व्होल्ट.

"मग ही माणसं भविष्यवेत्ती आहेत!" मामांनी दुसऱ्या खोलीतल्या निवृत्त पोस्टमनला गाठले. "बोला, उद्या काय होणार?"

"उद्या मी येणार नाही."

"पाहिलंस?" म्हणत मामा मोजपट्टीकडे वळले. "तुझा चेहरा निर्दोष दिसतो. हेच संशयास्पद आहे."

फरशी पुसणाऱ्या मावशी वैतागल्या. "अहो, पाय उचला! ह्या दादांची खुर्ची आधी कुरकुरते, मग दिवा लागतो. त्यात कसलं आलंय भविष्य?" आणि त्यांनी दिव्याकडे पाठ करून सातपैकी सात वेळा अचूक बटण दाबले.

मोजपट्टीचा चेहरा पडला. दोन्ही खोल्यांच्या दिव्यांची कळ तो दुसऱ्या खोलीत बसून दाबे आणि त्यासाठी चौदा अंशांनी पुढे झुकत असे. अकरा वर्षे त्याच खुर्चीत बसल्याने ती कुरकुर त्याला ऐकूच येत नव्हती.

तेल घातले. फेरचाचणीत दोन्ही खोल्या तंतोतंत सारख्या.

"टोपी निर्दोष सुटली!" मामा गरजले.

"निरुपयोगी ठरली, मामा," बाई म्हणाल्या. आणि डोळे पुसून त्यांनी घडले तसे सारे अहवालात लिहिले.

समितीच्या अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. "टोपीचं काम बंद करा." बाईंनी मान खाली घातली. "पण लक्ष वाढलंय, हे आकडे सांगतात. खुर्चीला आणखी दोन वर्षं देऊ."

मोजपट्टीने शांतपणे मागणीपत्र पुढे ओढले आणि लिहिले : खुर्च्या, नग बारा. पैकी सहा बिनकुरकुरीच्या.