कासवमामांची समाधी

एका जंगलात, बाळांनो, माघातली थंडी फार होती आणि भक्ती तिच्याहूनही फार.

तिथे नदीकाठी कासवमामा आणि कासवमामी राहत. मामा म्हातारे. रोज सकाळी खडकावर चढायचे आणि सूर्याकडे पाठ करून बसायचे. पाठ तापली की हातपाय हलायचे, हातपाय हलले की पोटाला काही मिळायचे. सूर्याला ते मनापासून हात जोडत. पण हात कवचात, त्यामुळे कुणाला दिसत नसे.

रथसप्तमी जवळ आली तसे जंगलाचे सूर्योपासना मंडळ जागे झाले. मंडळाचे मार्गदर्शक होते घुबडशास्त्री. त्यांनी जन्मात सूर्य पाहिला नव्हता. म्हणून त्या विषयात त्यांचे मत निःपक्षपाती मानले जाई.

"डोळ्यांना दिसणारा देव हा एकच," शास्त्री म्हणाले, "आणि त्याला पाठ दाखवायची? शिव शिव!"

मंडळाचा कार्यकर्ता वानर धावत गेला. त्याने मामांना उचलले आणि खडकाला टेकवून उभे केले. तोंड पूर्वेला, पाठ गार दगडाला.

"अरे, माझं तोंड नाही गारठत, पाठ गारठते," मामा म्हणाले.

"भक्तीत थोडा त्रास व्हायचाच, मामा."

मग अर्घ्य द्यायला सगळे आले. कोल्हा आला, साळिंदर आले, हत्ती तर सोंड भरून आला. पाणी सूर्याला आणि अंघोळ मामांना. दोन दिवसांत मामा हलेनासे झाले.

"समाधी लागली!" वानर ओरडला.

झाले! फुले पडली, आरत्या झाल्या. समाधिस्थाला उन्हाचा त्रास नको म्हणून वर जाडजूड मांडवही घातला.

मामी रडत आली. "अहो, समाधी कसली? गारठलेत ते! मरतील! आधी तो मांडव काढा."

"मामी, हा अध्यात्माचा विषय आहे," वानर म्हणाला. "तुम्ही आपलं प्रसादाचं बघा."

बिचारीचा जीव तीळतीळ तुटत होता आणि लोक तिच्याच पाया पडत होते. मला तर अजून त्या वानराचा राग येतो. पण मामीने डोळे पुसले आणि ती प्रसादाचे बघायला लागली.

रथसप्तमीला गोवऱ्या पेटवून त्यावर दूध उतू घालवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मामीने गोवऱ्या रचल्या त्या मांडवात, थेट मामांच्या अंगाशी.

"एवढ्या गोवऱ्या?" वानराने विचारले.

"देवाचं काम आहे बाबा. हात आखडू नये."

दूध उतू गेले, आणि मामांनी हळूच मान बाहेर काढली. मामीला हुंदका आवरेना. मामा सरपटत मांडवाबाहेर गेले, खडकावर चढले आणि सूर्याकडे पाठ करून बसले.

"आलास रे बाबा," ते पुटपुटले आणि त्यांचे डोळे भरून आले.

मंडळी मात्र खवळली. शास्त्री म्हणाले, "खरा भक्त असा हलत नसतो."

मग मामांच्या जागी एक गोल दगड ठेवला. त्याने अजून कुणाला पाठ दाखवलेली नाही. पाणीही निमूटपणे घेतो.

तात्पर्य : मान हवा असेल तर मांडवात बसावे. ऊब हवी असेल तर खुशाल देवाकडे पाठ करावी. फक्त कुणी भक्त बघत नाही ना, एवढे आधी पाहावे.