निषेधानंतरची हॉटडिश

आर्लो हेगडाल पायउतार झाला, की चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या, जेवणावळीचं प्रमुखपद आणि कुणी काय रांधायचं ते ठरवायचा हक्क, सगळं व्हर्ना स्कॉगलंडच्या पदरात पडणार होतं. निमित्तही आर्लोनंच आयतं दिलं. यंदाच्या जेवणावळीत त्यानं पाकिटातली बटाट्याची पूड गरम पाण्यात कालवून वाढली. मिनेसोटात, दाराशी बटाट्याची शेतं असताना!

समितीच्या बैठकीत व्हर्नानं निषेधाचा ठराव मांडला.

"निषेध म्हणजे?" म्हातारा ऑर्विल दचकला. "काढायचं त्याला?"

"छे हो! नुसती नाराजी. सगळ्यांनी मिळून, तोंडावर."

"त्यात त्याचं काही जात नाही ना?"

"काडीचंही नाही." लाजेपायी तो आपणहून पद सोडेल, हा हिशेब तिनं पोटात ठेवला.

हात वर गेले, नजरा खाली. "बरोबरच आहे तुमचं," एवढं म्हणून आर्लोनं टोपी घातली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑर्विलला घास उतरेना. त्याची बायको इंगा म्हणाली, "माणसाला तोंडावर बोललात ना? मग आता हॉटडिश घेऊन जा. बटाटा-खिमा एकत्र करून ओव्हनमध्ये भाजायला ठेवलीय."

गावातल्या प्रत्येक ओव्हनमध्ये तेच चाललं होतं, एक व्हर्नाचा सोडून. आर्लोच्या दारात गाड्यांची रांग लागली. जो तो म्हणे, "नाराजी आहेच हं, पण आधी खाऊन घे."

आता भांडं रिकामं परत करणं आर्लोच्या रक्तात नव्हतं. त्यानं सालीसकट सफरचंदं भरून गोड 'ॲपल पाय' भाजले आणि त्याच भांड्यांतून घरोघर पोचवले. घरोघर कॉफी झाली.

"मनगट धरलंय रे," तो ऑर्विलला म्हणाला. "बटाटे सोलणं होत नाही."

"मग बोलायचं नाही का, गाढवा! आम्ही काय मेलो होतो?"

वार्षिक सभेत आर्लो पुन्हा प्रमुख झाला. व्हर्नाला एक मत पडलं, तेही तिचंच.

"मीच वाईट ना?" ती फणफणली. "मग करा माझाही निषेध!"

इंगा म्हणाली, "नको गं बाई. पुन्हा सगळ्यांना रांधत बसावं लागेल."

ताळेबंद असा: आर्लोला पद मिळालं, गावाला झोप. व्हर्नाला कुणी अवाक्षर बोललं नाही. म्हणूनच तिच्या दारात एकही भांडं आलं नाही.