जानराव काकाजींचं ‘चला, निघा’

आमच्या समोरच्या घरातल्या जानराव काकाजींना मी केरळच्या समुद्रकिनाऱ्यावर सूर्याला घाई करताना पाहिलं आहे. सूर्य अजून हातभर वर होता. माणसं वाळूत गप्प उभी होती, कोणी फोटो काढत होतं, आणि काकाजी घड्याळ पाहत होते.

“बुडनारच हाय थो,” ते म्हणाले. “त्याच्यात पाहाचं काय? चला, निघा.”

‘चला, निघा’ हे दोन शब्द काकाजींनी आयुष्यभर पगार घेऊन उच्चारले आहेत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निम्मी नोकरी चांदूर बाजारच्या स्टँडवर झाली, उरलेली अमरावतीला. फलाटाला लागलेली गाडी वेळेवर बाहेर काढायची, हे काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून गळ्यात आहे, काळ्या दोऱ्यात ओवलेली, बनियनच्या आत. गल्लीत कोणी कार मागे घ्यायला लागलं की काकाजी कुठूनही प्रकट होतात आणि शिट्टी वाजवून ती बाहेर काढून देतात. एकदा एक वरात नाचत नाचत आमच्या फाटकापुढे अडली होती. काकाजींनी शिट्टी मारून हात दाखवला. बँडवाले सवयीने पुढे निघून गेले आणि नवरदेवाचे मामा बिनावाजाचे नाचत राहिले.

गल्लीतल्या चार-पाच घरांची सहल दरवर्षी मी ठरवते. कोणाला वरचा बर्थ चालत नाही, कोणाच्या कोणत्या गोळ्या आहेत, कोणाला गाडी लागते, हे सगळं मला माहीत असतं. नसलं तर मी विचारून घेते. काकाजी कधी आले नव्हते. “दुसऱ्याले गावाले धाडनं हे आपलं काम,” म्हणायचे. यंदा मात्र मी फाटकापाशी नुसतं “केरळ” म्हणाले आणि त्यांनी विचारलं, “गाडी कितीची हाय?”

कारण गल्लीला ठाऊक होतं. काकाजींनी लग्न केलं नाही. खाली ते आणि वर धाकट्या भावाचा संसार, अशी त्यांची सारी वर्षं गेली. भावाच्या मुलांना रोज सकाळी शिट्टी वाजवून शाळेला काढायचं काम काकाजींकडे होतं. यंदा दिवाळीनंतर भाऊ आणि वहिनी पुण्याला मुलाकडे राहायला गेले. सामानाचा ट्रक आमच्या अरुंद गल्लीत अडकला, तेव्हा काकाजींनीच मागे उभं राहून, “येऊ द्या, येऊ द्या” करत तो बाहेर काढून दिला. शेवटी पत्र्यावर दोन थापाही मारल्या. तेव्हापासून वरच्या जिन्यातला दिवा लागलेला नाही.

सहलीत त्यांनी आम्हाला पळवलं. मंदिरात दर्शन होतंय न होतंय तोच, “झालं न? चला.” हाऊसबोटीत बसल्यावर नावाड्याला, “हिले काही टाइमटेबल हाय का नाई?” तो मल्याळीत काहीतरी म्हणाला, काकाजी वऱ्हाडीत काहीतरी म्हणाले, आणि बोट होती त्याच चालीने चालत राहिली. समुद्राबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी पक्कं झालं होतं. “पानी बम हाय,” ते म्हणाले, “पन कामाचं नाई. ओलीत होत नाई त्याच्यानं.” पाय भिजवायलाही ते पाण्याजवळ गेले नाहीत.

सगळ्यात जास्त चेष्टा गावंडे वहिनींची झाली. आमच्या शेजारच्या या वहिनींची लेक अकोल्याला दिलेली आहे. कुठेही उतरलो की वहिनी आधी तिला फोन लावायच्या, “पोचलो वं बाई.”

“पोचलो हे सांगाले कायले लागते वो?” काकाजी म्हणायचे. “नाई पोचलो तं पेपरात येते.”

शेवटच्या दिवशी दुपारी एर्नाकुलमहून आमची रेल्वे होती. सकाळी समुद्रावर थोडं फिरायचं, बस तिथूनच स्टेशनला जाणार, सामान बसमध्ये, असं मी ठरवलं होतं. वेळ झाली, सगळे बसमध्ये चढले. वहिनी तेवढ्या नारळपाण्याच्या गाड्यापाशी रेंगाळल्या होत्या. आणि ज्यांनी आठवडाभर आमची पाठ सोडली नव्हती ते काकाजीच गायब होते.

मी शोधत गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात धरून काकाजी पाण्यात उभे होते.

“काकाजी, चला, निघा,” मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यांना कोणीतरी ऐकवत असावं.

“थांबा न बाई,” ते म्हणाले. “येक लाट येऊन राहिली.”

ती आली. तिच्या मागे दुसरी येत होती. लाटांना शेवट नसतो हे मला समजावून सांगावं लागलं, तेव्हा ते बाहेर आले.

पार्किंगमध्ये आमची बस दोन मोठ्या गाड्यांच्या मधून मागे निघायची खटपट करत होती. ते दृश्य दिसलं आणि काकाजींचा चेहराच बदलला. चपला टाकल्या, शिट्टी बाहेर काढली, बसच्या मागे जाऊन उभे राहिले. “येऊ द्या, येऊ द्या. उजवीकडे मारा. बस्स.” ड्रायव्हरला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण शिट्टी जगात सगळीकडे एकच असावी. बस एका झोकात बाहेर आली. काकाजींनी पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि हात पुढे केला. ड्रायव्हरने त्यांना सलाम ठोकला आणि बस निघून गेली.

खाली राहिलो मी, नारळ हातात धरलेल्या गावंडे वहिनी आणि अनवाणी काकाजी.

मी लगेच फोन काढला. दोघा-तिघांना लावला, पण बसमध्ये गाणी चालू असावीत, कोणी उचलेना. ड्रायव्हर चालवताना फोन उचलत नाही, ही गोष्ट मीच त्याच्याकडून पहिल्या दिवशी कबूल करून घेतली होती. आमचे हे बसमध्ये होते, पण ते फोन हरवतात म्हणून त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. तो पर्समध्येच वाजला.

“काकाजी,” वहिनी म्हणाल्या, “आपलीच गाडी तुमी सोडून देली?”

“गाडी टाइमावर गेली का नाई?” काकाजी म्हणाले. “मानसं राह्यली हा येगळा विषय हाय.”

“मग आता काय करायचं?” मी विचारलं.

“पुढची येईन.”

“पुढची नाही काकाजी. आपली एकच होती.”

“मंग राहू इथंच,” ते म्हणाले.

हे त्यांनी फार लवकर म्हटलं. वहिनी हसल्या. मी हसणार होते, पण काकाजी समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसले होते, आणि त्यांना चपला शोधायचीही घाई नव्हती. माझ्या मनात तेव्हा एक शंका आली. कोणतीही बस डोळे मिटून बाहेर काढणाऱ्या माणसाला, आपण खाली उभे आहोत, हे कळलं नसेल का? ती शंका मी बाजूला ठेवली आणि रिक्षा थांबवली. रेल्वे मिळाली. धापा टाकत चढलो तेव्हा आमचे हे म्हणाले, “मला वाटलं तुम्ही मागच्या सीटवर आहात.”

मध्ये एकदा गाडी बदलून आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला उतरलो. वहिनींची लेक स्टेशनवर डबा घेऊन आली होती. निघताना ती म्हणाली, “आई, घरी पोचल्यावर फोन कर वं.” काकाजी शेजारीच उभे होते. पेपराचं काही बोलले नाहीत.

पुढे अमरावतीपर्यंत मी सगळे मावतील अशी भाड्याची मोठी गाडी सांगून ठेवली होती. एरवी दीड-दोन तासांचा रस्ता. पण अकोला सुटत नाही तोच काकाजींना चहा हवा झाला. मुर्तिजापूरला त्यांना स्टँडवर सध्या कोण नियंत्रक आहे ते पाहायचं होतं. तो कोणी नवा होता, काकाजींना ओळखत नव्हता, तरी ते त्याच्याशी उभ्या उभ्या बोलत राहिले. बडनेऱ्याला म्हणाले, “गिला वडा खाऊ सारे. मी चारतो.”

“काका, आता घर आलं न,” ड्रायव्हर म्हणाला. “अमरावतीतच खा.”

“घाई कोनाले हाय?” काकाजी म्हणाले.

 मग वहिनींनीच विचारलं, “काकाजी, तब्येत बरी हाय न?”

“मले काय झालं,” ते म्हणाले आणि दह्यात बुडालेला वडा अगदी सावकाश, कण कण करून खात राहिले.

दिवेलागणीला गल्लीत शिरलो. काकाजींनी सगळ्यांच्या बॅगा उतरवल्या, ज्याच्या त्याच्या दारापर्यंत नेऊन दिल्या. मग मागे उभं राहून गाडी गल्लीबाहेर काढली. इतक्या हळू त्यांनी आजवर एकही गाडी काढली नसेल. ती गेल्यावर बाहेर काढण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी खिशात किल्ली शोधली, शर्टाच्या खिशात, पँटच्या खिशात, पुन्हा शर्टाच्या. शेवटी कुलूप उघडल्याचा आवाज आला.

मी घरात येऊन आधी कुकर चढवला, मग धुण्याचे कपडे वेगळे करायला घेतले. कुकर उतरवते तोच फोन वाजला. काकाजींचा होता.

“बाई,” ते म्हणाले, “पोचलो मी.”

मी खिडकीपाशी गेले. समोर दारातल्या बल्बखाली काकाजी उभे होते, कानाला फोन, बॅग अजून पायाशी. त्यांना दारापर्यंत पोचताना मी मघाशीच पाहिलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

“बरं झालं सांगितलंत,” मी म्हणाले. “मी वाटच पाहत होते.”

“हो न. म्हटलं सांगून द्यावं.”

 फोन मात्र ते ठेवेनात. मी पण ठेवला नाही. त्यांच्यामागे वरचा जिना अंधारात होता.

“काकाजी,” मी म्हणाले, “खिचडी झाली आहे, पापड भाजायचे तेवढे राहिलेत. चला, निघा.”

“कितीची हाय?” त्यांनी विचारलं.

“लागली आहे फलाटाला.”

दारातला बल्ब विझला. मग फाटकाची कडी वाजली.