चंद्रीचं ग्राइम, धुरपदाचं डबस्टेप आणि कोल्होबांचा बांध

एका जंगलात जमिनीच्या वर सगळं ठीकठाक चाललं होतं. सिंहमहाराज राज्य करत होते. हरणं रांगेत उभी राहत होती. माकडं भाषणं ठोकत होती. तेव्हा बाळांनो, वर बघण्यासारखं काहीच नाही. आपण खाली जाऊ. नाक पुसा आणि चला. डोकं सांभाळा, छप्पर ठेंगणं आहे.

तर वारुळाच्या टेकडीखाली एक बीळ होतं. बीळ कसलं, चांगलं ऐसपैस भुयारच ते. तिथे दोन मैत्रिणी राहायच्या. एक चंद्री चिचुंद्री आणि दुसरी धुरपदा घूस.

चंद्री होती एवढीशी. पण तोंड? अरे बापरे! तोंड म्हणजे फुटाण्यांची कढई. ठेका मिळाला की ती सुटायची. भुयारात पाणी कुठून गळतं, मांजरीनं काल कुणाला पळवलं, महाराज दुपारी कसे घोरतात, सगळं तालात, यमकात, एका दमात. मध्ये कुणी शिंकलं तर त्या शिंकेवरही चार ओळी व्हायच्या.

धुरपदा बोलायचीच नाही. ती आपली जमिनीवर पोट टेकायची, मागचा पाय आपटायची आणि घुमायची. धुम्म्म्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धुम्म्म्. ते कानांना ऐकूच यायचं नाही. ते थेट पोटात जायचं आणि तिथे मांडी घालून बसायचं.

दोघी शिकल्या एकाच गुरूकडे. तात्या साळिंदरांकडे. वरच्या बिळात तात्यांची मैफल असे. तात्या पाठीवरचे काटे असे खुळखुळवायचे की मुंग्यासुद्धा रांग मोडून नाचत. पण तात्या भारी टापटिपीचे. शेपटी विंचरून या, मिशांना तेल लावून या, पाय पुसून या! एक दिवस या दोघी चिखलाने बरबटून आल्या. तात्या म्हणाले, "ह्या अवतारात आत यायचं नाही."

"अहो तात्या, आम्ही चिखलातच राहतो!" चंद्री म्हणाली.

"मग तिथेच गा," तात्या म्हणाले.

झालं. दोघी खाली आल्या आणि तिथेच गाऊ लागल्या. ठेका तात्यांचा, चिखल स्वतःचा.

आता त्या भुयाराची एक रीत होती. ती नीट ऐका, मग मला विचारत बसू नका. गाणं आवडलं की ऐकणारे पाय आपटून ओरडायचे, "परत!" की लगेच गाणं थांबवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. चंद्रीच्या चार ओळी झाल्या की "परत!" पुन्हा चार ओळी, पुन्हा "परत!" असं दुपारभर चालायचं. एवढ्या वर्षांत एकही गाणं बाराव्या ओळीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे चंद्रीने पुढच्या ओळी कधी रचल्याच नाहीत. कशाला रचायच्या? कुणी ऐकून घेणार होतं थोडंच?

असं सगळं मजेत चाललं होतं. आणि चांगलं चाललं की जंगलात काय होतं? बरोबर. समिती येते.

एका दुपारी कोल्होबा भुयारात उतरले. कोल्होबा साता समुद्रापलीकडे शिकून आलेले. बगलेत वह्या, हातात मोजणीची दोरी. दोन दिवस त्यांनी कान लावून ऐकलं. मग म्हणाले, "बाई चंद्रे, तू जे करतेस त्याला तिकडे ग्राइम म्हणतात."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे मळ."

"अगंबाई! माझी आईसुद्धा मला तेच म्हणायची!" चंद्री हरखली.

धुरपदाने मान वर केली. कोल्होबा तिला म्हणाले, "आणि तू करतेस ते डबस्टेप."

"त्याचा अर्थ?" चंद्रीनेच विचारलं.

"त्याचा अर्थ विचारायचा नसतो. मान हलवायची असते."

सगळ्यांनी मान हलवली. न हलवून सांगता कुणाला? विद्वान माणूस, म्हणजे कोल्हा.

मग कोल्होबांनी मुद्द्याला हात घातला. सिंहमहाराजांना भुयारी संगीत ऐकायची इच्छा झाली होती. आजकाल शेजारच्या जंगलातले वाघसुद्धा ऐकतात म्हणे. पण दरबाराच्या यादीत प्रत्येक गाण्याचं खातं वेगळं हवं. तेव्हा या दोन गाण्यांचं एकमेकांशी नातं काय, ते आधी ठरलं पाहिजे.

नातं म्हटल्यावर भुयाराला जोर चढला. आपल्याकडे जेवण नसलं तरी चालतं, पण कोण कुणाचं कोण लागतं हे कळलं पाहिजे.

"सख्ख्या बहिणी," घोरपड म्हणाली.

"छे! चुलत," उंदीर म्हणाला.

"सवती!" खेकडा ओरडला. त्याला दुसरं काही सुचायचंच नाही.

"गप्प!" कोल्होबा म्हणाले. "मी शास्त्राने ठरवतो."

त्यांनी वाळूचं घड्याळ ठेवलं. घड्याळ रिकामं होईपर्यंत चंद्रीच्या गाण्यात ठोके किती? एकशे चाळीस. धुरपदाच्या? मधल्या रिकाम्या जागा धरून मोजले. एकशे चाळीस. कोल्होबांनी घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, कानाशी हलवलं. एकशे चाळीसच! गुरू एक, बीळ एक, ठोके तेवढेच. आता आली का पंचाईत! फरकच नसेल तर पुस्तक कशावर लिहायचं?

"अहो, साधं आहे," चंद्री म्हणाली. "मी तोंडाने बोलते, ती पोटाने बोलते. ती जागा ठेवते, मी ती भरते."

"हे फार सोपं झालं," कोल्होबा म्हणाले. "असं चालणार नाही."

मग त्यांनी चंद्रीला हळूच बाजूला घेतलं. "हे बघ, दरबारात शब्दांना मान. त्या घुशीच्या घुमण्यात तुझे शब्द बुडतात. इथे एक सही कर, म्हणजे महाराज स्वतः तुझं गाणं ऐकतील. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

कागदावर लिहिलं होतं, 'आमचं एकमेकींशी काहीही नातं नाही.'

जन्मभर चंद्रीला एकच हौस होती. वरच्यांनी एकदा तरी खालचं ऐकावं. छपरातून गळणारं पाणी, मांजरीची दहशत, सगळं महाराजांच्या कानावर घालावं. आपण ओरडतो ते कुठेतरी पोचावं. वाईट हौस नव्हे, बाळांनो. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना, ते खोटं आहे. असतं.

चंद्रीने चिखलाचा पंजा उठवला.

मग कागद धुरपदाकडे गेला. धुरपदाने तो चिमुकला पंजा पाहिला. चंद्रीकडे पाहिलं. चंद्री तेवढ्यात छपराला मुंग्या किती आहेत ते बघू लागली. धुरपदाने कागदावर पोट टेकलं आणि आपल्या कोपऱ्यात निघून गेली. कागदावर भला मोठा गोल डाग पडला. तीच तिची सही.

दुसऱ्या दिवशी कोल्होबांनी दोरी धरून भुयाराच्या मधोमध मातीचा बांध घातला. तळापासून छपरापर्यंत. अलीकडे ग्राइम, पलीकडे डबस्टेप. ऐकणाऱ्यांनाही वाटून टाकलं. घोरपड इकडे, खेकडा तिकडे. घोरपडीची शेपटी मध्ये अडकली होती, ती नंतर ओढून घेतली.

आणि गंमत बघा. चंद्रीला काही फरकच पडला नाही! घुमण्याला माती काय अडवणार? धुरपदाचं धुम्म्म् बांधातून आरपार यायचं. चंद्री त्यावर मजेत गायची. 'बघा, उगीच जिवाला खात होते,' असं ती स्वतःला सांगायची.

पण चंद्रीचे शब्द होते बारीक. ते बांधाला आपटायचे आणि खाली पडायचे. पलीकडे धुरपदाला शुकशुकाट. ती जागा ठेवायची आणि ती जागा तशीच रिकामी राहायची. दिवसेंदिवस तिचं घुमणं हळू होत गेलं. चंद्रीला ते कळत होतं. कळूनही ती न कळल्यासारखं करत होती. हे तुम्हीही करता, माझ्याकडे बघू नका.

महाराज आले. भुयारात मावणार कसे? ते वरच बसले आणि बिळाच्या तोंडातून फक्त डोकं आत घातलं. मागे मोर, ससाणा, दोन लांडगे, सगळी बडी मंडळी. खालच्यांना आमंत्रण नव्हतं. त्यांना बांधापलीकडे कोंबलं होतं, कारण त्यांच्या पायाला माती असते.

चंद्रीने सुरुवात केली. काय सुटली म्हणता! पाण्याच्या गळतीवर चार ओळी फेकल्या आणि सवयीने थांबली.

कुणी पाय आपटला नाही. बडी मंडळी शिष्टाचाराने बसली होती. मोराने तर डोळे मिटले होते.

चंद्री पुढे गेली. आठ ओळी झाल्या. सगळे शांत. महाराज मन लावून ऐकत होते. बारा ओळी झाल्या. आणि पुढे?

पुढे काही नव्हतंच! तेरावी ओळ जगात कुणी ऐकली नव्हती, चंद्रीनेही नाही. तिने तोंड उघडलं. तोंडातून हवा आली.

तेवढ्यात पलीकडचं धुम्म्म् थांबलं.

एवढी शांतता चंद्रीने जन्मात ऐकली नव्हती. समोर महाराजांचं एवढं मोठं डोकं, आणि ती एकटी. तिला रडू फुटलं. महाराजांच्या भीतीने नव्हे. धुरपदाच्या आठवणीने.

"पुढे?" महाराज म्हणाले.

चंद्रीने महाराजांकडे चक्क पाठ केली आणि बांध उकरायला लागली. दोन्ही हातांनी, दातांनी, नाकाने. "अगं, हद्द आहे ती!" कोल्होबा किंचाळले. कोण ऐकतंय? भोक पडलं आणि चंद्री डोक्यावर पलीकडे आपटली.

धुरपदा पाठ फिरवून बसली होती.

"का थांबलीस गं?" चंद्रीने विचारलं.

धुरपदा बोलली. वर्षात पहिल्यांदा बोलली. "वाजवू कुणासाठी? इकडे काही ऐकू येत नाही."

"मी गात होते ना!"

"गात असशील. मला काय त्याचं? आपलं नातं नाही काही."

"चुकले गं धुरपदे. साफ चुकले. वरच्यांनी ऐकावं म्हणून सही केली. आणि खरंच सांगते, वरच्यांनी ऐकलं! शेवटपर्यंत ऐकलं! इतकं भयंकर असतं ते, तुला सांगू!"

धुरपदाचं पोट हलायला लागलं. मग ती सगळीच हलायला लागली. हसत होती हो! ती हसली की जमीन घुमायची. चंद्रीने डोळे पुसले आणि त्या हसण्यावरच ठेका धरला. खेकडा नांग्या वाजवायला लागला. उंदीर, बेडूक, घोरपड, सगळे भोकाजवळ गोळा झाले आणि पाय आपटू लागले. "परत! परत!" धुरपदाने पोट टेकलं आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम सोडलं. धुम्म्म्!

छप्पर खाली आलं.

छपराबरोबर महाराज आले. महाराजांवर मोर आला. मोरावर दोन लांडगे. ससाणा तेवढा उडाला, पण उगीच एकटं पडायला नको म्हणून तोही खाली येऊन बसला.

धूळ बसली. महाराज मातीतून वर आले. महाराजांनी तोंडात पंजा घातला, चाचपलं आणि म्हणाले, "महिनाभर दाढ दुखत होती. पडली! वा! काय प्रकार होता हा?"

चंद्री उत्तर देणार तोच कोल्होबा ढिगाऱ्यातून उभे राहिले. "महाराज, हा तिसरा प्रकार. आजच माझ्या देखरेखीखाली जन्माला आला."

"शाब्बास!" महाराज म्हणाले. तिथल्या तिथे कोल्होबांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. घोरपडीने टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

"आणि या दोघी?" महाराजांनी विचारलं.

कोल्होबांनी वर पाहिलं. वर स्वच्छ आकाश होतं. "महाराज, या बिळाला आता छप्पर नाही. छप्पर नाही म्हणजे हे भुयार नाही. भुयार नाही म्हणजे यांचं संगीत भुयारी नाही. नियमाप्रमाणे यांना यादीतून काढावं लागेल."

काढलं. दोघींनी निमूट मान खाली घातली आणि लांब जाऊन आणखी खोल उकरायला लागल्या. उकरताना चंद्री एकसारखी बडबडत होती आणि धुरपदा एकसारखी 'हूं' म्हणत होती.

पुढे कोल्होबांना दरबारात मोठी खोली मिळाली. तिथे बसून त्यांनी तीन जाडजूड खंड लिहिले. तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'या दोघींमध्ये कुठलंही नातं असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.' लिहिताना त्यांची खुर्ची खालून सारखी हादरत होती. अक्षर बिघडायला लागलं तसे ते वैतागले. त्यांनी ते पान फाडलं, त्याची घडी केली आणि खुर्चीच्या पायाखाली सरकवली.

तात्पर्य : एकीत बळ असतं, हे अगदी खरं आहे. पण शाल-श्रीफळ बांध घालणाऱ्याला मिळतं. तेव्हा मुलांनो, उद्या शाळेत येताना गाणं पाठ करून येऊ नका. दोरी घेऊन या.